पेवाने न खाल्लेला दिवा

मी संशयी माणूस आहे हे हाटपिपल्यापासून बागलीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. जगदेवरावांच्या जहागिरीत धान्याच्या कोठीवर माझी नेमणूक झाली ती याच गुणावर. माझ्या आधीचा कोठावळा फार सज्जन होता. सज्जन म्हणजे पोत्याला हात न लावता समोरचा सांगेल ते वजन मान्य करणारा. तो गेला तेव्हा कोठीत ज्वारीपेक्षा घुशीच जास्त होत्या. जगदेवरावांनी मला देवासहून बोलावून घेतलं आणि म्हणाले, "मोरोपंत, मला गोड माणूस नको. तुमच्यासारखा पाहिजे." हे कौतुक की शिवी, याचा मी दोन दिवस विचार केला आणि मग रुजू झालो.

कोठी म्हणजे गावाबाहेरच्या उंचवट्यावर जमिनीत खणलेली अकरा पेवं. वर एक माणूस जेमतेम आत शिरेल एवढं तोंड, खाली अडीच-तीन पुरुष खोल पोट. माघात ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवून शेणमातीने लिंपायचं, आणि लागेल तसं एकेक पेव उघडायचं. बंद पेवात वाईट हवा साठते. ती डोळ्यांना दिसत नाही. उतरणारा धान्यावर पाय टेकतो, झोप आल्यासारखा खाली बसतो आणि पुन्हा उठत नाही. म्हणून आधी दोरीला बांधून तेलाचा दिवा आत सोडायचा. तो तळापर्यंत जळत राहिला तर माणसाने उतरायचं. विझला तर "पेवाने दिवा खाल्ला" म्हणायचं, तोंड उघडं ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. त्या दिवसाची अर्धी मजुरी मजुराला द्यायची, असा जुना रिवाज.

आणखी एक रिवाज होता, आणि माझं डोकं त्यावरूनच फिरलं. ज्याला उतरायचं आहे त्यानेच दिव्याची दोरी धरायची. दुसऱ्या कोणी तिला बोटसुद्धा लावायचं नाही. जीव त्याचा, म्हणून दोरी त्याची.

आमच्याकडे उतरायचा तो मारुती. त्याचे पूर्वज मराठी फौजेबरोबर माळव्यात आले, घोड्यांना दाणा मोजून देणारे. तेव्हापासून त्या घराण्याच्या वाट्याला धान्याचीच कामं. मारुती तिशीतला, किडकिडीत, कमी बोलणारा. घरात बायको सीता आणि दीड वर्षाची पोर. कमी बोलणाऱ्या माणसाचा मला आधीच राग. बोलणारा माणूस कुठेतरी सापडतो. न बोलणाऱ्याला पकडायचं कुठे?

एकोणीसशे तेराच्या पावसाळ्यात आषाढापासून भाद्रपदापर्यंत पेवाने वरचेवर दिवा खाल्ला. सुरुवातीला मी लक्ष दिलं नाही. मग एकदा दिवा विझला तो नेमका नरसिंहाच्या देवळात भंडारा होता त्या दिवशी. पुन्हा विझला तेव्हा मारुतीचा मेहुणा सरदारपूरहून आलेला. पुन्हा एकदा, तेव्हा आठवड्याचा बाजार. असे सात दिवस मी मनात धरून ठेवले. गडी मला अण्णा म्हणत. सात वेळा मारुतीने वर बघून तेच वाक्य म्हटलं होतं, "अण्णा, पेवानं दिवा खाल्ला." आणि सातही वेळा अर्धी मजुरी घेऊन गडी घरी.

मी मारुतीच्या मनगटाकडे बघायला लागलो. घरी आमच्या विहिरीत दोरीला पणती बांधून सोडून पाहिली. मनगटाला हलका झटका दिला की वात तेलात बुडते आणि दिवा जातो. काठावर उभ्या माणसाला काही कळत नाही. चार वेळा केलं, चारही वेळा जमलं. घरातून आमच्या सौभाग्यवती उमाबाई ओरडल्या, "अहो, विहिरीला कसली ओवाळणी चालली आहे?" माझ्या अंगात अगदी वीरश्री संचारली होती. चोर कसा चोरी करतो हे मला कळलं होतं. फक्त तो चोर आहे एवढंच सिद्ध व्हायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी चार गड्यांसमोर मी म्हणालोच, "मारुती, पेव दिवा खातं की तुझं मनगट खातं?"

गडी हसले. मारुती लालबुंद झाला आणि खाली बघत राहिला. निरपराध माणूस असता तर भांडला असता, असं मला वाटलं. पाणी मुरतंय याची माझी खात्रीच झाली.

त्याच आठवड्यात शालिग्राम आला. महूच्या छावणीतून विलायती माल घेऊन संस्थानांतून फिरणारा विक्रेता, डोक्याला जरीची टोपी, तोंडात साखर. त्याने जगदेवरावांच्या बैठकीत पेटी उघडली आणि दोन विजेच्या हातबत्त्या बाहेर काढल्या. लोक तेव्हा त्यांना चोरबत्ती म्हणत, आणि नावावरूनच मला ती वस्तू आवडली नव्हती. एक पत्र्याची, चार रुपयांची. दुसरी पितळेची, जाड भिंगाची, साडेअकरा रुपयांची. आतल्या मसाल्याच्या नळ्या संपल्या की त्यांचे पैसे वेगळे. साडेअकरा रुपये म्हणजे मारुतीची दोन महिन्यांची मजुरी.

"ये पतरे वाली तो खिलौना है, रावसाहेब," शालिग्राम म्हणाला. "पर ये पीतल वाली! हवा में धरो, पानी में धरो, नी बुझेगी. बुझ जाय तो पूरा पैसा वापस."

"का?" मी विचारलं.

"क्या का, पंतजी?"

"पैसे परत का देणार? वस्तू चांगली असेल तर तसं सांगायची गरज काय?"

शालिग्रामने हात जोडले. मग त्याने धारच्या एका सरदाराची शिफारसचिठ्ठी दाखवली. चिठ्ठीवरची शाई मला फार ताजी वाटली, तसं मी बोलूनही दाखवलं. जगदेवराव हसले. "पंत, तुमच्यापुढे देव उभा राहिला तरी तुम्ही त्याचं कूळ विचाराल. असं करा, आठ दिवस बत्ती ठेवून घ्या. हवी तशी तपासा. तुम्ही पैशाला योग्य म्हणालात तर घेऊ, नाहीतर परत."

शालिग्राम लगेच कबूल झाला. इतक्या लगेच, की मला पुन्हा शंका आली. बत्ती माझ्या हवाली करताना त्याने तीनदा बजावलं, "अंदर आग नी है, पंतजी. बिजली है. आग का कोई काम ही नी." हे त्याने मला तीनदा सांगितलं होतं, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

मग माझी परीक्षा सुरू झाली. धारला माझा मावसभाऊ बळवंतराव नोकरीत होता. त्याला जासुदाबरोबर पत्र पाठवून त्या सरदाराची आणि चिठ्ठीची चौकशी करायला सांगितली. इकडे बत्ती गच्चीवर भर वाऱ्यात धरली. ज्वारीच्या राशीवर दोनदा पाडली. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. मिठाच्या कोठडीत दार लावून बसलो आणि तिचा उजेड कमी होतो का ते बघत राहिलो. पत्र्याची बत्तीही मी मागून घेतली होती. ती राशीवर एकदा पडली आणि कायमची गेली. पितळेची हूं की चूं करेना. उमाबाई म्हणाल्या, "माझ्या माहेरी सोयरीक विचारायला आलात तेव्हासुद्धा इतकी चौकशी केली नव्हती." त्यावर मी म्हणालो की तेव्हा केली असती तर बरं झालं असतं, आणि त्या दिवशी मला जेवण उशिरा मिळालं.

सहाव्या दिवशी बळवंतरावाचं उत्तर आलं. चिठ्ठी खरी. त्या सरदाराकडे तशीच बत्ती दोन वर्षं आहे आणि उत्तम चालते. पत्र वाचून मला चक्क वाईट वाटलं. शालिग्रामने सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं निघालं होतं. मग साडेअकरा रुपये देण्याजोगं या वस्तूत आपल्याला आहे काय, असा विचार करत मी तिची कळ दाबत बसलो होतो, आणि एकदम उठून उभा राहिलो.

ही बत्ती झटका देऊन विझत नाही!

हिच्यात वात नाही, तेल नाही. मनगटाची कोणतीही चलाखी हिच्यापुढे चालणार नाही. पेवात सोडायला याहून प्रामाणिक दिवा जगात नसेल. दोन-चार पावसाळ्यांत अर्ध्या मजुरीचे जे दिवस बुडतात त्यातच हिची किंमत निघेल, आणि वर मारुतीचं पितळ उघडं पडेल ते वेगळंच. मला इतका आनंद झाला की मी उमाबाईंना हाक मारून सांगितलं.

आता कोणी विचारेल, वाईट हवेत आग विझते आणि बत्तीत आग नाही, हे तुला कळलं नाही? मी स्वतःला हे रोज विचारतो. आम्ही सगळे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो होतो की पेव दिवा खातं. खाणाऱ्याला काय, तेलाचा काय आणि विजेचा काय. भूक असेल तर खाईल, नसेल तर सोडेल. हे मला पटत होतं, गड्यांनाही पटलं. पण खरं कारण तेही नाही. मी इतके दिवस एकाच गोष्टीच्या मागे होतो: दिवा कोण विझवतो. तो का विझतो, हे माझ्या डोक्यातून पार निघून गेलं होतं.

सातव्या दिवशी सकाळी नवव्या पेवाची फरशी काढली. ते माघापासून बंद होतं. पाऊस थांबला होता, लख्ख ऊन होतं. मी गड्यांना जवळ बोलावून बत्ती दाखवली, भिंगाला हात लावून दाखवला, कळ दाबून दाखवली. मारुतीने दोरी घ्यायला हात पुढे केला.

"आज दोरी मी धरणार," मी म्हणालो.

म्हातारा तुकाराम गडी तेवढा म्हणाला, "अण्णा, दोरी उतरणाऱ्याची असते."

"म्हणूनच," मी म्हणालो.

बत्ती खाली सोडली. ती फिरत फिरत गेली, पेवाच्या भिंतींवर उजेड नाचला, आणि तळाशी ज्वारीवर जाऊन टेकली. आम्ही सगळे वाकून बघत होतो. एरवी तेलाच्या दिव्यात एक ठिपका दिसायचा; आज दाणा न् दाणा दिसत होता. मी हळूहळू शंभरपर्यंत मोजलं. उजेड तसूभर हलला नाही.

"खाल्ला नाही," एक गडी म्हणाला.

मी मारुतीकडे बघितलं. माझ्या तोंडावर काय भाव असेल हे मला माहीत आहे, कारण तो भाव मला आवडायचा.

मारुती पेवाच्या तोंडाशी वाकला होता. तो हळूच म्हणाला, "आंबूस वास येतोय, अण्णा."

"पावसाळ्यात ओल असते. वास येणारच. का आज पण बाजार आहे?"

गडी हसले नाहीत. मारुती क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने कमरेला दोर बांधला, दोन गड्यांच्या हातात दिला आणि भिंतीतल्या खोबणींत पाय देत उतरायला लागला.

तो ज्वारीवर उतरला. दोन पावलं गेला. बत्ती उचलायला वाकला आणि तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. मग कुशीवर आडवा झाला. हे सगळं आम्हाला वरून स्वच्छ दिसलं.

"अण्णा, ओढू?" दोर धरलेल्या गड्याने विचारलं.

आणि मी म्हणालो, "थांबा. नाटक करतोय."

मी तसं म्हणालो. मला खरोखर तसं वाटलं. सापडला म्हणून सोंग घेतोय, उजेड जळतो आहे, हवा चांगली आहे, याला झालं काय? मी खाली तोंड करून ओरडलो, "मारुती, ऊठ! पुरे झालं!" दोनदा ओरडलो. तिसऱ्यांदाही. किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. तुकाराम मला बाजूला ढकलून दोराला लटकला आणि मग सगळ्यांनी ओढलं. पेवाच्या तोंडाशी मारुतीचे खांदे अडकले, त्यात आणखी वेळ गेला. वर काढला तेव्हा त्याचे ओठ निळे होते. पाणी मारलं, वारा घातला, तळपाय चोळले. ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही ते करत होतो, आणि तो गेला आहे हे त्याच्या आधीच सगळ्यांना कळलं होतं.

कोणीतरी दोरी ओढून बत्ती वर घेतली. ती चालूच होती. ती बंद करायला कोणी धजेना, म्हणून ती माझ्याकडे आणून दिली.

आठव्या दिवशी शालिग्राम आला. त्याला वाटेतच सगळं कळलं होतं. तो दाराशीच उभा राहिला. जगदेवरावांनी मला विचारलं, "पंत, काय सांगता?" त्यांचा आवाज रागाचा नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, "रावसाहेब, वस्तू उत्तम आहे. मागितलेली किंमत वाजवी आहे. हा माणूस खरं बोलला. आपल्याला ती नको." जगदेवरावांनी बत्ती परत दिली. शालिग्रामने जाताना माझ्याकडे बघायचं टाळलं.

चौकशी झाली. जगदेवरावांनी लिहून घेतलं की पेवातल्या वाईट हवेने अपघात झाला. मी माझा "थांबा" सांगितला, तोही लिहून घेतला गेला. त्यावर कोणी काही म्हणालं नाही. सगळं गाव माझ्याशी नीट बोलत होतं, आणि घरी आल्यावर उमाबाई माझ्यापुढे ताट ठेवून आत निघून जात होत्या.

तेरावा झाल्यावर मी सीतेकडे गेलो. जगदेवरावांनी वर्षाचं धान्य लावून दिलं होतं, ते निमित्त. तिने शिव्या घालाव्यात म्हणून मी गेलो होतो, हे खरं सांगतो. रस्ताभर तिची वाक्यं मीच मनात तयार करत होतो. तिने दारात फाटकी सतरंजी घातली, पाणी दिलं आणि आत चौकटीला टेकून उभी राहिली. पोर तिच्या पदराला धरून होती.

"अण्णा, तुम्ही आलात ते बरं झालं," ती म्हणाली. "एक सांगायचं होतं. यांनी दोरी झटकली होती."

मला आधी कळलंच नाही.

"तुमचा शक खरा होता. एकदा झटकली होती. पोरीला ताप चढला होता अन् मी म्हटलं, आज नका जाऊ. रोज बुडाला तर खायचं काय, म्हणून गेले, अन् दिवा बुझवून परत आले. एकदाच. आईची शपथ घालून मला सांगितलं होतं त्यांनी." तिने डोळे पुसले. "तुम्ही चार माणसांत बोललात ना, तेव्हापासून नीट जेवले नाहीत. म्हणायचे, अण्णांनी ओळखलं. त्या दिवशी सकाळी मी म्हटलं, ते पेव लई दिवसांचं बंद आहे, आज नका उतरू. तर म्हणाले, आता कोणत्या तोंडानं नको म्हणू? अण्णांनी सहा दिवस परखलेली बत्ती आहे. त्यांच्या हातून खोटी वस्तू सुटायची नाही."

मी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"गेलेल्या माणसाचं खोटं अंगावर राहू नये, म्हणून सांगितलं," सीता म्हणाली. "तुमचं चुकलं नव्हतं."

तिने हे मनापासून म्हटलं होतं. मी उठलो, चपला घातल्या. आणि अंगणातून मागे वळून, जन्माची खोड म्हणून, विचारलं, "कोणत्या दिवशी?"

"नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी."

मी घरी येताना ते सात दिवस एकेक करून आठवले. भंडारा, मेहुणा, बाजार, सगळे. पुन्हा पहिल्यापासून आठवले. नागपंचमीचा दुसरा दिवस त्यांत नव्हता. म्हणजे त्या सातही दिवशी दिवा पेवानेच खाल्ला होता, आणि मारुती खरंच बोलत होता. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीही त्याने तेच वाक्य म्हटलं होतं, आणि मी त्याला "बरं, जा घरी" म्हणालो होतो. त्या दिवशी मला कसलाच संशय आला नव्हता.